दोन्ही हेडलाइट एकदम बंद

प्रश्न: जुन्या पिकअपचे दोन्ही हेडलाइट अचानक बंद पडले. पार्किंग लाइट, हॉर्न चालू आहेत. बल्ब नवे टाकले, तरी उजेड नाही. काय तपासावे?

उत्तर: दोन्ही बल्ब एकाच वेळी जाणे विरळाच, दोष दोघांच्या सामाईक वाटेत शोधा. आधी फ्यूज, मग रिले (स्विचच्या छोट्या करंटवर चालून हेडलाइटचा मोठा करंट जोडणारी डबी). स्विच टाकल्यावर रिलेचा ‘टिक’ आवाज यायला हवा. नसेल तर त्याच नंबरचा दुसरा लावून पाहा. तरीही गप्प असेल, तर स्टिअरिंगखालचा कॉम्बिनेशन स्विच (लाइट-इंडिकेटरची दांडी असलेला) तपासा. ज्या गाड्यांत रिलेच नसतो, तिथे 60/55 वॅटच्या (हाय बीम/लो बीम) दोन बल्बांचा 9-10 अँपिअर करंट थेट स्विचमधून जातो आणि आतले पॉइंट जळतात. 100/90 वॅटचे बल्ब टाकले असतील तर हे लवकर होते, ते काढाच.

बल्बच्या होल्डरवर टेस्ट लॅम्प (एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला जोडलेला तपासणीचा छोटा दिवा) पेटतो पण हेडलाइट नाही? मग अर्थिंग, म्हणजे बॉडीतून बॅटरीच्या निगेटिव्हकडे करंट परतण्याची वाट, गेले. अर्थच्या पिनपासून बॅटरीच्या निगेटिव्हला तात्पुरती वायर जोडा. उजेड आला, तर बॉडीवरचा अर्थचा बोल्ट काढून पॉलिश पेपरने गंज घासा.

फ्यूज वारंवार उडत असेल तर मोठ्या अँपिअरचा कधीही घालू नका, वायरिंग पेटते.