नैराश्यामुळे जीपीए २.४ वर आला आहे. अमेरिकेत फार्मडीला, म्हणजे फार्मसिस्ट व्हायच्या पदवीला, अर्ज करू का?

करा. यंदाच करायचा का, ते शेवटी बोलू.

तुमच्या प्रश्नातून मला कळलं ते असं: बायोलॉजीची पदवी हातात आहे, १२० क्रेडिट्स, एकूण जीपीए, म्हणजे ग्रेडची सरासरी, ४ पैकी २.४. तिसऱ्या वर्षाची दोन्ही सेमिस्टर नैराश्यात गेली, ऑर्गॅनिक केमिस्ट्रीसकट जवळजवळ सगळीकडे एफ नाहीतर डी. वर्षभर औषध चालू आहे, आता बरं वाटतंय. आणि घरच्यांचं म्हणणं, अर्जात आजाराचा ब्रसुद्धा काढायचा नाही.

माझं दुसरं वर्ष असंच गेलं होतं. फिजिक्सच्या फायनलला मी गेलेच नाही. जाग आली तेव्हा पेपर सुटून दोन तास झाले होते, आणि त्याचं मला काही वाटलंही नाही. ऑर्गॅनिक लॅबची वही अजून आहे माझ्याकडे. ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत बारीक, सुबक अक्षर, मग एका पानावर नुसती तारीख, पुढे सगळं कोरं. कॉलेजातल्या सल्लागारबाईंनी ट्रान्सक्रिप्ट बघून "दुसरं काहीतरी बघ" म्हटलं होतं. आज मी हॉस्पिटलात फार्मसिस्ट आहे.

आता कामाचं. विषय पुन्हा घेऊन ए आणला की जुना एफ पुसला जातो, असं बहुतेकांना वाटतं. तुमच्या विद्यापीठाच्या हिशोबात पुसला जातही असेल. पण फार्मकॅस, म्हणजे बहुतेक फार्मसी स्कूलांचे अर्ज ज्या एका पोर्टलवरून जातात ते, तुमचा जीपीए स्वतः नव्याने काढतं आणि त्यात प्रत्येक प्रयत्न धरतं. एफही आणि नंतरचा एही. सायन्सचा जीपीए वेगळा काढतं, तिथे तर एफचा फटका जास्तच बसतो.

कागद घेऊन बसा. १२० क्रेडिट्स, २.४, म्हणजे २८८ पॉइंट. वर्षभर घासून २४ क्रेडिट्समध्ये सरळ ए आणलेत, म्हणजे क्रेडिटला ४ पॉइंट, तर ३८४ भागिले १४४, म्हणजे २.६७. एवढ्या मेहनतीला एवढंच. आता दुसरा हिशोब. आजारातल्या त्या दोन सेमिस्टरमध्ये २४ क्रेडिट्सवर तुम्हाला समजा १२ पॉइंट मिळाले असतील. ती सेमिस्टरच हिशोबातून निघाली, तर २७६ भागिले ९६. जवळपास २.८८, एकही नवा तास न बसता. त्यावर ते २४ क्रेडिट्स ए-ने पुन्हा केलेत तर ३.१.

सेमिस्टर हिशोबातून काढायची वाट म्हणजे रेट्रोॲक्टिव्ह मेडिकल विथड्रॉवल, आजारपणाच्या कारणावरून ती सेमिस्टर मागाहून सोडल्याची नोंद. बऱ्याच विद्यापीठांत ती असते, पण कोणी आपणहून सांगत नाही. रजिस्ट्रारकडे किंवा डीनच्या ऑफिसात पेटिशन करायची. मंजूर झाली की त्या सेमिस्टरच्या ग्रेडच्या जागी डब्ल्यू येतो, आणि डब्ल्यू जीपीएत धरत नाहीत. ट्रान्सक्रिप्टवर दिसतो मात्र. बहुधा पूर्ण सेमिस्टरच काढावी लागते, एखादा बी असेल तर तोही जातो. पदवी मिळाल्यावर काही ठिकाणी हे दार बंद होतं, म्हणून उद्याच विचारा. शिक्षणासाठी फेडरल, म्हणजे केंद्र सरकारची, मदत घेतली असेल तर पैशांवर काय परिणाम होईल तेही आधी विचारा. एफ-१ म्हणजे विद्यार्थी व्हिसावर असाल तर डीएसओशी, म्हणजे विद्यापीठात व्हिसाचं बघणाऱ्या अधिकाऱ्याशी, बोलल्याशिवाय एकही कागद देऊ नका.

माझी पहिली पेटिशन फेटाळली गेली. डॉक्टरांच्या पत्रात "ही माझी पेशंट आहे" यापलीकडे काही नव्हतं. दुसऱ्यांदा मी त्यांना तारखा मागितल्या: लक्षणं कधी सुरू झाली, उपचार कधी, आणि त्या काळात अभ्यास का शक्य नव्हता. पत्र पाऊण पानाचंच होतं, पण चाललं.

निबंधाबद्दल. घरच्यांचं म्हणणं अर्धं बरोबर आहे, कारण मात्र चुकीचं. लाज वाटावी असं त्यात काही नाही. पण फार्मकॅसच्या निबंधाला मोकळ्या जागा धरून ४,५०० कॅरेक्टर मिळतात, आणि ती आजाराला देऊन टाकली तर तुम्हाला फार्मसी का करायचीय हे कुठे लिहिणार? निदानाचं नाव लिहायची गरज नाही. प्रवेश देताना तुम्हाला अमुक आजार आहे का असं कॉलेजांना विचारताही येत नाही. १९७३ च्या रिहॅबिलिटेशन ॲक्टचं कलम ५०४ आहे त्यासाठी. अगदी गप्प बसलात तरी मात्र वाचणारा स्वतःच अर्थ लावतो, आणि तो "आळशी" असाच लावतो. म्हणून तीन वाक्यं. अमुक सेमिस्टरमध्ये आजारी होतो, उपचार घेतले, त्यानंतरचे ग्रेड हे. बस.

इंटरव्ह्यूतही हीच तीन वाक्यं लागतात. माझ्या वेळी समोरच्या प्रोफेसरांनी ट्रान्सक्रिप्टचं पान उलटलं, त्या सेमिस्टरवर पेनाचं टोक ठेवलं आणि काही न बोलता माझ्याकडे बघितलं. गाडीत बसून मी ती वाक्यं इतक्यांदा म्हटली होती की आवाज कापला नाही. त्यांनी मान हलवली आणि विचारलं, "मग आता ताण आला की काय करतेस?" खरा प्रश्न तोच होता, आणि त्याची तयारी मी केलीच नव्हती. तुम्ही करा.

पीकॅट या फार्मसीच्या प्रवेश परीक्षेत चांगले मार्क आणून जीपीए झाकायचा, हा जुन्या लोकांचा सल्ला आता सोडून द्या. ती परीक्षा जानेवारी २०२४ नंतर बंदच झाली. त्यामुळे अलीकडचे ग्रेड आणि शिफारसपत्रं यांना वजन आलं आहे. मी ऑर्गॅनिक पुन्हा घेतलं ते ज्यांनी एफ दिला त्याच सरांकडे. पहिल्या दिवशी जीव मुठीत धरून बसले होते. माझं सगळ्यात चांगलं पत्र त्यांनीच दिलं, कारण दोन्ही वेळची मी त्यांनी पाहिली होती.

फार्मसी टेक्निशियनचं, म्हणजे फार्मसिस्टच्या हाताखालचं, काम मिळालं तर जरूर करा. अर्जात शोभून दिसतं म्हणून नाही, आठ तास उभं राहून, फोनवर इन्शुरन्सवाल्यांशी डोकं लावून संध्याकाळी तुमचं काय होतं ते कळावं म्हणून.

आता जे मला सगळ्यात कळकळीने सांगायचंय ते. प्रवेश मिळणं पूर्वीइतकं अवघड राहिलेलं नाही. गेल्या दहा-बारा वर्षांत अर्ज खूप घटलेत, आणि बऱ्याच कॉलेजांची किमान अट २.५ आहे. कोणीतरी तुम्हाला घेईल आणि फीही घेईल. अवघड आहे ते आत गेल्यावर. चार वर्षांचा अभ्यास, ठरलेला क्रम. एक विषय राहिला की बहुतेक ठिकाणी तो थेट पुढच्या वर्षी, म्हणजे वर्षभर अडकलात, कर्ज वाढलं. शेवटी नॅप्लेक्स, लायसन्सची परीक्षा. २०२३ मध्ये पहिल्या प्रयत्नात पास होणाऱ्यांचं प्रमाण ८० टक्क्यांच्याही खाली होतं. म्हणून "मला कोण घेईल" यापेक्षा त्या कॉलेजचा नॅप्लेक्सचा निकाल काय आणि वेळेत पदवी घेऊन किती जण बाहेर पडतात, ते आधी बघा. प्रवेश मिळाला की पहिल्या आठवड्यात डिसॅबिलिटी ऑफिसात नाव नोंदवा. परीक्षेला जादा वेळ वगैरे तिथूनच मिळतं, आणि आजार कोणता ते प्रोफेसरांना कळत नाही. नव्या शहरातला सायकायट्रिस्ट मात्र वर्ग सुरू व्हायच्या आधी शोधा. पहिली अपॉइंटमेंट मिळायला कधी कधी दोन-तीन महिने लागतात.

राहिलं यंदा की पुढच्या वर्षी. फार्मकॅस जुलैत उघडतं. मी एक वर्ष थांबले होते. त्या वर्षी सप्टेंबरात, मस्त वाटतंय म्हणून, डॉक्टरांना न विचारता मी गोळी अर्धी केली. फार्मसिस्ट व्हायला निघालेली मी! तीन आठवड्यांत परत अंथरुणात. निस्तरायला डिसेंबर उजाडला. तेव्हा मी टेक्निशियनची नोकरी करत होते, सुट्टी घेता आली; पहिल्या सेमिस्टरच्या मधोमध असते तर पुन्हा एफ आले असते.

तुमच्या डॉक्टरांना विचारा, औषध कमी करायचा विचार आहे का, आणि असेल तर कधी. "पुढच्या वर्षी बघू" असं उत्तर आलं, तर ते होऊन जाऊ द्या आणि त्याच्या पुढच्या जुलैत फॉर्म भरा. तोवर पेटिशन आणि ऑर्गॅनिक, दोन्ही उरकतील.