मॉरिशसमध्ये निम्मे लोक आपलेच, खरं का?

प्रश्न: माझ्या भाच्याला मॉरिशसला हॉटेलात नोकरी लागलीय. घरातले म्हणतात काळजी कशाला, तिथं निम्मे आपलेच लोक, छोटा भारतच तो. तिथली लोकसंख्या, सरकार, धंदापाणी, धर्म, सगळं जरा नीट सांगाल का?
(एक मावशी, राजारामपुरी, कोल्हापूर)

उत्तर: मावशी, अभिनंदन आधी. पण ते ‘छोटा भारत’ त्याच्या डोक्यातून काढूनच पाठवा. देश म्हणजे २,०४० चौरस किलोमीटर, आपल्या कोल्हापूर जिल्ह्याच्या साधारण पाव भाग, आणि माणसं साडेबारा लाखांच्या घरात. त्यात हिंदू ४८ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे निम्म्याला पण थोडे कमीच, ख्रिश्चन ३२, मुसलमान १८, शिवाय थोडे चिनी वंशाचे. हे हिंदू पण सगळे एक नाहीत बरं का, भोजपुरीवाले वेगळे, तमिळ वेगळे, तेलुगू वेगळे, मराठी वेगळे, प्रत्येकाची देवळं आणि मंडळं आपापली. घरात मात्र बहुतेक सगळे क्रिओल (फ्रेंचवरून झालेली तिथली बोली) बोलतात, पेपर फ्रेंचमध्ये वाचतात आणि संसदेचं कामकाज इंग्रजीत. त्यामुळं हिंदीवर भागेल असं धरून जाऊ नये, हॉटेलात तर फ्रेंच लागतंच, आत्ताच क्लास लावा म्हणावं.

सरकार आपल्यासारखंच, पंतप्रधान, संसद, नावापुरते राष्ट्रपती. १२ मार्च १९६८ ला इंग्रजांकडून स्वातंत्र्य, १९९२ ला त्याच तारखेला प्रजासत्ताक. पण निवडणूक भारी आहे! मुख्य बेटावर २० मतदारसंघ, प्रत्येकातून ३ खासदार, आणि मतदारानं तिन्ही मतं द्यायचीच. रॉड्रिग्ज बेटाचे २ धरून ६२. त्यावर जास्तीत जास्त ८ जागा हरलेल्यांतल्या चांगली मतं पडलेल्यांना, कुठल्या समाजाला संसदेत कमी जागा मिळाल्यात ते बघून. उमेदवारानं आपला समाज फॉर्मवर लिहायचा, यावरून तिथं कोर्टकचेऱ्या पण झाल्यात. २०२४ ला नवीनचंद्र रामगुलाम यांच्या आघाडीनं मुख्य बेटावरच्या ६० पैकी ६० घेतल्या, तरी विरोधी पक्षनेता संसदेत आला तो याच हरलेल्यांच्या वाटेनं. आणि घराणेशाही आपल्याकडंच आहे असं समजू नका, १९६८ पासून रामगुलाम बापलेक आणि जगन्नाथ बापलेक, मधे २००३ ते ०५ पॉल बेरांजे, संपली पंतप्रधानांची यादी.

सुट्ट्यांची मात्र चंगळ. महाशिवरात्री, गणेश चतुर्थी, ईद, ख्रिसमस, तमिळांचं कावडी, चिनी नवं वर्ष, सगळ्याला सरकारी सुट्टी (हॉटेलवाल्यांना मिळते का ते वेगळं 😀). महाशिवरात्रीला गंगा तलावावर लोक कावडी घेऊन बेटाच्या कानाकोपऱ्यातून चालत येतात, तेवढं त्याला बघून यायला सांगा.

प्रश्न: तिकडं पण ऊसच ऊस म्हणतात, मग तो देश आपल्यापेक्षा श्रीमंत कसा?
(एक ऊस उत्पादक, शिरोळ)

उत्तर: दादा, ऊस आहे, पण श्रीमंती आता उसाची नाही. १८३४ पासून इंग्रजांनी आपल्याकडनं करारावर मजूर नेले ते उसासाठीच, त्याच्याआधी हे काम गुलाम करायचे. मजूर उतरायचे तो आप्रवासी घाट २००६ पासून युनेस्कोच्या यादीत आहे. पुढं १९७५ पासून युरोपनं ठरलेला कोटा आणि चढा भाव दिला, म्हणजे तुमच्या भाषेत एफआरपीच (सरकारनं बांधून दिलेला उसाचा भाव) समजा, फक्त देणारा परका. त्या पैशातून कपड्यांचे कारखाने, हॉटेलं उभी राहिली. मग २००६ पासून युरोपनं भाव ३६ टक्के उतरवला, २००९ ला करारच संपला. शंभरावर असलेले कारखाने आता फक्त तीन, कामगारांना स्वेच्छानिवृत्तीत रोख आणि वर घराला प्लॉट देऊन मोकळं केलं. राहिलेले कारखाने बगॅसवर (उसाच्या चोथ्यावर) वीज करून विकतात आणि साध्या पांढऱ्या साखरेपेक्षा महागातली ब्राऊन साखर परदेशी पाठवतात. सहकार तिथं पण आहे पण लहान शेतकऱ्यांपुरता, कारखाने जुन्या फ्रेंच घराण्यांच्या कंपन्यांचे. आज कमाई टुरिझम, बँकिंग-फायनान्स, कपडे यांची आणि माणशी उत्पन्न आपल्या चौपटीच्या आसपास. माझं मत विचाराल तर आपल्या कारखान्यांनी त्यांच्याकडनं शिकायचं ते हेच, भाव पडायच्या आधी दुसरं काहीतरी हातात पाहिजे, ते पडल्यावर नाही.

प्रश्न: शेअर बाजाराच्या बातम्यांत सारखं ‘मॉरिशस रूट’ येतं, ते काय?
(एक कॉलेजवाला, गडहिंग्लज)

उत्तर: १९८२ च्या कर कराराची भानगड. मॉरिशसच्या कंपनीनं भारतात शेअर घेऊन विकले तर त्या नफ्यावर भारतात कर नाही, आणि मॉरिशस तसल्या नफ्यावर कर लावतच नाही, मग कोण सोडतंय! जगभरचा पैसा तिथं कंपनी काढून इकडं यायचा. २०१६ ला करार बदलला, १ एप्रिल २०१७ पासून घेतलेल्या शेअर्सवर भारत कर लावू शकतो. आधीच्या शेअर्सना सूट ठेवली. पैसा अजून येतो, पण आता सिंगापूर, अमेरिका पण रांगेत असतात.