पीएचपीमध्ये मराठी मजकूर कापला की शेवटी प्रश्नचिन्ह का येतं?

सारांशासाठी तुम्ही 'सबस्ट्र' या मजकूर कापणाऱ्या फंक्शनने पहिली १०० अक्षरं घेताय. इंग्रजी नीट दिसतं, मराठीच्या शेवटी मात्र काळ्या चौकटीतलं प्रश्नचिन्ह येतं. कारण पीएचपीची स्ट्रिंग म्हणजे नुसती बाइटांची रांग. तिला अक्षर कळत नाही.

'मराठी' हाच शब्द घ्या. लांबी मोजणारं 'स्ट्रलेन' सांगेल १५ बाइट, 'एमबी_स्ट्रलेन' ५ चिन्हं आणि 'ग्राफीम_स्ट्रलेन' ३ ग्राफीम, म्हणजे डोळ्यांना दिसणारी अख्खी अक्षरं. तिन्ही बरोबर! यूटीएफ-८ या मजकूर साठवायच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट खातं आणि काना, वेलांटी ही वेगळी चिन्हं धरली जातात. म्हणजे सलग देवनागरीत तुमच्या १०० बाइटांत ३३ चिन्हं बसतात, वर ३४व्याचा एक तुकडा लोंबकळतो. तेच ते प्रश्नचिन्ह.

प्रश्नचिन्ह दिसलं हे नशीबच म्हणा. माझ्याकडे असाच तुकडा डेटा जेसन स्वरूपात बदलणाऱ्या 'जेसन_एन्कोड'मध्ये गेला, त्याने गुपचूप 'फॉल्स' परत केलं आणि अख्खं पान कोरं. अर्धा दिवस मी डेटाबेसवर संशय घेत बसलो होतो.

बरेच जण 'एमबी_सबस्ट्र' वापरा म्हणून मोकळे होतात. त्याने प्रश्नचिन्ह जातं, पण 'मराठी'ची ४ चिन्हं घेतलीत तर हातात 'मराठ' उरतं. वाचणाऱ्याला दाखवायचा मजकूर 'ग्राफीम_सबस्ट्र'नेच कापा. त्यासाठी 'इंटल' एक्स्टेन्शन चालू हवं. जोडाक्षर एकसंध धरायचा नियम युनिकोड या लिपिचिन्हांच्या मानकाच्या १५.१ आवृत्तीत, म्हणजे २०२३मध्ये आला. त्यामुळे सर्व्हरवरची आयसीयू लायब्ररी ('इंटल' तिच्यावरच चालतं) जुनी असेल तर 'क्ष'चे 'क्' आणि 'ष' होऊ शकतात. मी तर सरळ मागच्या मोकळ्या जागेपर्यंत मागे येतो आणि तिथे कापतो. रेग्युलर एक्स्प्रेशन वापरत असाल तर पॅटर्नच्या शेवटी 'यू' लावायला विसरू नका, म्हणजे तो मजकूर यूटीएफ-८ म्हणून वाचला जातो.

आता तुम्ही न विचारलेलं, पण सर्चची सोय केलीत की हमखास छळणारं. 'दुसऱ्या'तला 'ऱ' कुणाच्या कीबोर्डवरून एकच चिन्ह म्हणून येतो, कुणाच्या 'र' अधिक नुक्ता (खालचा टिंब) असा. दिसायला तेच, तुलना केली की वेगळे. साठवण्याआधी आणि शोधण्याआधी 'इंटल'च्या 'नॉर्मलायझर'मधून एनएफसी हे एकच प्रमाणित रूप करून घ्या, ही दोन्ही एक होतात. तिसरा प्रकार 'र', हलन्त आणि अदृश्य जोडचिन्ह झेडडब्ल्यूजे असा असतो. त्याला नॉर्मलायझर हात लावत नाही, तो 'स्ट्र_रिप्लेस'ने स्वतःच बदलावा लागतो.