चाचण्या कमी केल्या आणि अपघात झाला नाही, म्हणजे नियम बरोबर ठरला का?

तुम्ही विचारलंय की, जोखमीचा हिशेब मांडून अणुवीजकेंद्रातल्या काही भागांच्या चाचण्या सैल करण्याचा नियम नीट चालतोय की नाही, हे ओळखायचं कसं. मी अणुक्षेत्रातला नाही. तुर्भे एमआयडीसीत एका रासायनिक कारखान्याच्या मेंटेनन्समध्ये माझी सव्वीस वर्षं गेली, सेफ्टी व्हॉल्व्ह आणि ट्रिप (धोका दिसताच यंत्र आपोआप बंद करणारी सोय) तपासण्यात.

'अपघात झाला नाही' हा पुरावा धरू नका. इतक्या विरळ घटनेबद्दल वीस वर्षांची शांतताही फारसं काही सांगत नाही.

नियमाचा हेतू मला पटतो. वीज गेली तर लागणारे डिझेल जनरेटर थंड असताना सारखे झटक्यात सुरू केले की झिजतात, म्हणून अमेरिकेच्या नियामकानेच १९८४ मध्ये अशा चाचण्या कमी करायला सांगितलं होतं. पुढे त्याच नियामकाच्या २००४ च्या नियमाने यंत्रसामग्रीचे चार गट केले. त्यातला तिसरा गट नाजूक. हे भाग सुरक्षेच्या यादीतले, पण हिशेबात जोखमीतला वाटा कमी, म्हणून त्यांच्यावरच्या खास अटी उठतात. मात्र गरजेला ते चालतील याची वाजवी खात्री हवी, आणि जास्तीत जास्त दर दोन इंधनभरणींमागे त्यांच्या कामगिरीचा आढावा घ्यावाच लागतो. तुमची मोजपट्टी इथेच आहे. अटी उठवताना बिघाडाचं जे प्रमाण गृहीत धरलं, ते प्रत्यक्षात तेवढंच राहिलं का?

पण आकडा खरा हवा. आमच्या रजिस्टरमध्ये वर्षानुवर्षं 'ओके'. एका नव्या मुलाने विचारलं, "साहेब, टेस्टच्या आदल्या दिवशीच ग्रीसिंग का करतो आपण?" त्या वर्षीपासून आधी टेस्ट, मग ग्रीस. पहिल्याच फेरीत दोन व्हॉल्व्ह जाम सापडले. आधीच्या सगळ्या 'ओके'ला काय किंमत होती, हे मला तेव्हा कळलं, आणि अजूनही ते मनाला लागतं.

हिशेबाबाहेर काय राहिलं, हेही बघा. ओहायोतल्या डेव्हिस-बेसी केंद्राला २००१ अखेरची तपासणी काही आठवडे पुढे ढकलू दिली, त्यात जोखमीच्या गणिताचाही आधार होता. गणित अणुभट्टीच्या झाकणातून जाणाऱ्या नळ्यांच्या तडांचं होतं. मार्च २००२ मध्ये दिसलं की गळालेल्या पाण्यातल्या बोरिक आम्लाने त्या झाकणाचं पोलाद आरपार खाल्लंय. उरलं होतं सुमारे सेंटीमीटरभर जाडीचं स्टेनलेसचं अस्तर.

आपल्याकडे ३१ मार्च १९९३ ला उत्तर प्रदेशातल्या नरोरा अणुवीजकेंद्रात टर्बाइनची पाती तुटून आग लागली, केबली जळाल्या आणि केंद्र सुमारे सतरा तास विजेविना राहिलं. एकमेकांना पर्याय म्हणून ठेवलेले पुरवठे एकाच आगीत गेले. म्हणून सुटे बिघाड मोजून भागत नाही. एकाच कारणाने किती भाग एकदम पडले, याचा वेगळा रकाना हवा.

आणि एक विचारा: सैल केलेल्यांपैकी किती भाग आढाव्यानंतर पुन्हा कडक वेळापत्रकात गेले? दहा वर्षांत एकही गेला नसेल, तर आढावा घेणाऱ्यांनी रजिस्टर नुसतं चाळलं असावं, असं मी धरेन.