तालमीची खोली कुठे आहे, ते आधी शोधा

वाचकांचे प्रश्न, आमच्या स्तंभलेखकाची उत्तरं. या वेळी विषय : स्वीडनचं पंक (म्हणजे वेगवान, बंडखोर रॉक) आणि स्वतंत्र संगीत

प्रश्न : काका, मी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. रूममेटमुळे व्हायग्रा बॉइज ऐकले आणि अक्षरशः येडा झालो. पण त्यानंतर ॲप मला फिरूनफिरून तीच पाच-सहा नावं देतंय. स्वीडनमधले नवे बँड शोधायचे कसे?
– एक विद्यार्थी, कोल्हापूर

उत्तर : या बँडचं नाव छापायचं की नाही, यावर संपादकीय खोलीत दोन दिवस खल झाला म्हणे. छापलं, बरं झालं. 2015 पासून स्टॉकहोममध्ये वाजवणारी मंडळी आहेत, आणि त्यांना नाव बदला म्हणून सांगणारे आपण कोण?

आता तुझ्या ॲपचं. तुझ्यासारख्यांनी आणखी काय ऐकलं, ते बघून ॲप पुढचं गाणं देतं. ज्या बँडला जगात तीनशेच ऐकणारे आहेत, त्याच्यापर्यंत ही साखळी जाणार कशी? तेव्हा गाण्यावरून गाणं शोधणं सोड. गावावरून शोध.

हे मला शिकवलं कुणी नाही, आपोआप झालं. 1998 साली कंपनीनं मला ट्रान्सफॉर्मरच्या कामासाठी स्वीडनमधल्या वेस्तेरोसला पाठवलं. मी साताऱ्याचा, वय एकोणतीस, सोबत भीमसेन आणि वसंतरावांच्या कॅसेटी. डिसेंबरात दुपारी तीनला अंधार पडायचा. माझ्या टेबलासमोरचा सहकारी शेपिंग नावाच्या गावाहून रोज यायचा. लिहितात कोपिंगसारखं, म्हणतात शेपिंग. पहिल्यांदा तिकडे निघालो तेव्हा बायकोला फोनवर सांगितलं, ‘उद्या शेपिंगला चाललोय.’ ती म्हणाली, ‘माझ्यासाठी पण काहीतरी आणा.’ चूक तिची नव्हती. त्या शब्दाचा अर्थच बाजाराचं गाव, आपल्या भाषेत पेठ.

तर या पेठेत बर्डनेस्ट नावाची रेकॉर्ड कंपनी होती. तिच्या सीडींच्या एका मालिकेचं नाव होतं ‘देफिनितिव्त फेम्ती स्पेन’, म्हणजे ‘नक्की 50 क्रोनर’. दुकानदारानं जास्त लावू नयेत म्हणून किंमतच नावात घातलेली! तेव्हाचे साधारण अडीचशे रुपये, आणि एका सीडीत कितीतरी बँड. मी ती घेतली ती केवळ स्वस्त म्हणून. मग सहकाऱ्याला विचारत सुटलो, हे कुठले, ते कुठले. द हाइव्ह्ज? फागेर्स्टाचे, तासाभरावर, पोलादाच्या कारखान्याचं गाव. नो फन ॲट ऑल? शिनस्कात्तेबेरीचे. वस्ती दोन-अडीच हजारांची, आपल्याकडे तिथं एसटीसुद्धा दिवसातून दोनदाच गेली असती. मिलेनकोलिन एरेब्रूचे, आणि यातल्या कितीतरी जणांच्या रेकॉर्डी काढणारी बर्निंग हार्ट कंपनीही एरेब्रूचीच. वाई, फलटण, कराड जोडल्यावर जेवढा तुकडा होईल, साधारण तेवढ्यात हे सगळं. आपल्याकडे घराणी गावांवरून ओळखतात, किराणा काय, ग्वाल्हेर काय. मला ते लगेच समजलं.

तेव्हा बँडकॅम्पवर जा (बँड आपलं संगीत थेट विकतात ती वेबसाइट) आणि बँडचं नाव न टाकता गावाचं टाक, ‘पंक’ या शब्दाच्या जोडीला. उमेओ टाक, मालमे टाक, गोथेनबर्ग टाक. अक्षरांवरची वर्तुळं नि टिंबं कीबोर्डवर सापडली नाहीत तर साधा ए आणि साधा ओ चालतो. यादी नव्यापासून जुन्याकडे लाव. तीन गाण्यांचा डेमो दिसेल, मुखपृष्ठ झेरॉक्स काढल्यासारखं. तिथं थांब.

दुसरं, माणसाचं बोट धर. उमेओतला रिफ्यूज्ड हा बँड 1998 मध्ये मोडला, अमेरिकेतल्या एका घराच्या तळघरात, पोलिसांनी कार्यक्रम बंद पाडला तिथंच. (पुढे परत जमले, ती गोष्ट वेगळी.) त्यांचा गायक डेनिस लिक्सेन नंतर कुठेकुठे गेला ते बघत राहिलास तर इंटरनॅशनल नॉइज कॉन्स्पिरसी आणि इन्व्हेजन या बँडपर्यंत पोचशील. त्याच गावातल्या मासहिस्तेरीचं बोट धरलंस तर त्यांचा रॉबर्ट हुरुला पुढे नुसत्या ‘हुरुला’ या आडनावानं गायला लागला, तो सापडेल. एका बँडमागे चार बँड असतात. तिथली माणसं थोडी आणि हिवाळा लांब.

आणि माझी सगळ्यात आवडती युक्ती. स्टॉकहोमच्या काफे 44 सारख्या जागेचं महिन्याचं वेळापत्रक उघड आणि पोस्टरवर सर्वांत खाली, बारीक अक्षरात ज्यांची नावं आहेत, तेवढीच ऐक. वरची नावं तुला ॲप देईलच. शिवाय स्वतंत्र कंपन्यांच्या संगीताला ‘मॅनिफेस्ट’ नावाचे पुरस्कार दरवर्षी देतात. विजेत्याकडे बघू नकोस, पंक विभागातली नामांकनं बघ.

प्रश्न : माझा नातू हे संगीत ऐकतो म्हणून कुतूहलानं विचारतो. स्वीडन श्रीमंत देश. शिक्षण फुकट, दवाखाना जवळजवळ फुकट. ही मुलं ओरडतात तरी कशासाठी?
– निवृत्त शिक्षक, रत्नागिरी

उत्तर : सर, हाच प्रश्न मी सहकाऱ्याला विचारला होता. तो म्हणाला, ‘तू अजून फेब्रुवारी बघितला नाहीस.’

पण नीट उत्तर द्यायचं तर एब्बा ग्रेनपासून सुरुवात करतो. 1977 साली स्टॉकहोमच्या दक्षिणेला रॉग्सवेड या उपनगरात तीन पोरांनी हा बँड काढला. त्याच वर्षी एका माजी मंत्र्यांच्या अपहरणाचा कट पोलिसांनी उधळला होता. त्या धरपकडीत पोलिसांनी वापरलेला सांकेतिक शब्द ‘एब्बा ग्रेन’. तोच पोरांनी उचलला. त्यांचं सगळ्यात गाजलेलं गाणं राज्यसंस्था आणि भांडवल यांच्या संगनमतावर आहे, आणि ते मुळात त्यांचं नव्हेच. ‘ब्लो टोगेत’ या आधीच्या पिढीतल्या डाव्या बँडचं 1972 चं गाणं त्यांनी वेग वाढवून म्हटलं. म्हणजे पंक येण्याआधीच तिकडे मोठ्या कंपन्या नकोत म्हणणारी चळवळ होती. सायलेन्स, एमएनडब्ल्यू अशा स्वतःच्या रेकॉर्ड कंपन्या 1970 च्या आसपास उभ्या राहिल्या होत्या. 1974 मध्ये आब्बा हा स्वीडनचा पॉप बँड युरोव्हिजन ही युरोपातली गाण्यांची स्पर्धा जिंकला आणि पुढच्या वर्षी ती स्पर्धा स्टॉकहोमला आली, तेव्हा या मंडळींनी विरोधात स्वतःचा वेगळा महोत्सव भरवला. जगाला आब्बा ठाऊक आहे. घरात भांडण चालू होतं ते बाहेर ऐकू आलं नाही.

आता यातली गंमत ऐका, तुम्ही शिक्षक म्हणून तुम्हाला जास्त रुचेल. राज्यसंस्थेला शिव्या देणारे हे बँड तालीम करतात ती बऱ्याचदा राज्यसंस्थेच्याच पैशावर. तिथं लोकशिक्षणाच्या मोठ्या संस्था आहेत. त्यातली एबीएफ ही कामगार चळवळीनं 1912 मध्ये स्थापन केलेली. शिवणकाम, भाषा, पक्षीनिरीक्षण, काहीही शिकायला चार माणसं जमली की ते ‘अभ्यासमंडळ’. बँडसुद्धा अभ्यासमंडळच! त्यातला एकजण प्रमुख, तो हजेरी भरतो, किती तास बसलो ते लिहितो, आणि त्या तासांच्या हिशेबानं संस्थेला अनुदान मिळतं. बदल्यात मुलांना तालमीची खोली, कधी ड्रम आणि ॲम्प्लिफायरसकट, फुकट किंवा नाममात्र भाड्यात. खोलीला ‘रेप्लोकाल’ म्हणतात.

मी अशी एक खोली बघितली आहे. शाळेच्या तळघरात, भिंतींना जुने गालिचे ठोकलेले, ओल्या लोकरीचा वास. गाण्याचा विषय पोलिस किती वाईट. गाणं संपलं, ड्रमवाल्यानं घाम पुसला, खिशातून पेन काढलं आणि हजेरीपटावर सह्या घेतल्या. मला आमच्या हायस्कूलचे पी.टी.चे सर आठवले.

शिनस्कात्तेबेरीसारख्या गावातून जगभर फिरणारा बँड निघतो तो अशा खोलीमुळे, असं माझं पक्कं मत आहे. अंगात गुण असलेली पोरं सगळीकडे असतात. आवाजाची तक्रार कुणी करणार नाही अशी कुलूपकिल्लीची खोली सगळीकडे नसते. 2024 पासून तिथल्या सरकारनं या संस्थांचं अनुदान कमी करायला घेतलंय. तेव्हा सर, आता ओरडायला आणखी एक कारण झालं.

प्रश्न : मुलगा स्टॉकहोमला एमएस करतोय. दर शनिवारी पंकच्या कार्यक्रमाला जातो, फोटोत सगळे काळ्या कपड्यांत आणि एकमेकांना ढकलताना दिसतात. घरात कुणी अंड्यालाही शिवत नाही आमच्याकडे. काळजी वाटते.
– एक आई, नाशिक

उत्तर : ताई, शनिवारी तो काफे 44 ला जात असेल तर निर्धास्त झोपा. सेदेरमाल्म भागातली ती जागा. अराजकवादी मंडळी 1970 च्या दशकापासून चालवतात. शब्दाला घाबरू नका. तिथं दारू मिळत नाही. पुण्यात शनिवारी रात्री असं ठिकाण दाखवा मला.

ढकलाढकलीचं म्हणाल तर दहीहंडीपेक्षा कमी लागतं. कुणी पडला की आजूबाजूचे आधी त्याला उभा करतात, मग पुढचं गाणं. मी स्वतः एकदा पडलोय. चष्मा एका मुलीनं शोधून, पुसून हातात दिला. एकच गोष्ट सांगा त्याला : कानात बोळे घालत जा. बहुतेक ठिकाणी दारातच मिळतात.

आणि खाण्याचं? 1990 च्या दशकात उमेओच्या पंक मुलांनी दारू, सिगारेट, नशा सगळं सोडलं होतं आणि त्यातली बरीचशी दूध-तूपही घेत नव्हती. गोथेनबर्गचा ‘वे आउट वेस्ट’ हा मोठा महोत्सव 2012 पासून संपूर्ण मांसविरहित आहे. तुमचा मुलगा तिकडे सोवळ्यातच आहे म्हणा ना. उलट सुट्टीत घरी येईल तेव्हा तुमच्या साजूक तुपावर भाषण देईल, त्याची तयारी ठेवा.

प्रश्न : स्वीडिश येत नसताना स्वीडिश पंक ऐकण्यात काय अर्थ? पंकमध्ये शब्द महत्त्वाचे ना?
– वाचक, डोंबिवली

उत्तर : अर्धं बरोबर. व्हायग्रा बॉइज आणि गोथेनबर्गचा माक्तहावेर्स्कान (अर्थ ‘सत्ताधारी स्त्री’) इंग्रजीत गातात, तिथं प्रश्नच नाही. दुसरीकडे मॉब 47 किंवा अँटी सायमेक्स लावा. 1980 च्या दशकातला हा ‘केंगपंक’, केंगा म्हणजे जाड बूट. इंग्लंडच्या डिस्चार्ज बँडची ड्रमची चाल घेतली आणि आणखी रासवट केली. शब्द स्वीडिश माणसालाही कागद हातात घेतल्याशिवाय कळत नाहीत, मी विचारून खात्री केली आहे.

शब्दांसाठी ऐकायचा तो ‘त्राल्लपंक’. त्राल्ला म्हणजे गुणगुणणं, ला-ला-ला करणं. चाल गोड, जवळजवळ शाळेच्या सहलीतल्या गाण्यासारखी, आणि शब्द कडू. तेरेबूदा या छोट्या गावातला, 1978 पासूनचा आस्ता कास्क हा बँड त्यातला माझा लाडका. ध्रुवपद दोनदा ऐकलं की तुम्ही तिसऱ्यांदा म्हणता, अर्थ कळो न कळो. बालपणी संस्कृत स्तोत्रं आपण काय अर्थ कळून म्हणत होतो?

तीन शब्द मात्र शिकून घ्या, शोधताना लागतात : ‘लोत’ म्हणजे गाणं, ‘शिव्हा’ म्हणजे रेकॉर्ड, ‘स्पेलनिंग’ म्हणजे कार्यक्रम. शिव्हाचा उच्चार लिहिण्यावरून लागत नाही, पण छापील पाहिलात की ओळखाल, स्किवा असं दिसतं.

प्रश्न : रेकॉर्ड थेट बँडकडून मागवावी का?
– वाचक, नागपूर

उत्तर : मागवा, पण मे महिन्यात नको. माझी एक एलपी कुठल्याशा गोदामात उन्हाळाभर पडून राहिली आणि घरी आली ती कुरडईसारखी. टपालखर्च रेकॉर्डहून जास्त झाला होता, वर कस्टम ड्यूटी. आता मी बहुतेक वेळा डिजिटलच घेतो. बँडकॅम्प एरवी त्यातले 15 टक्के स्वतःकडे ठेवतं. ‘बँडकॅम्प फ्रायडे’ जाहीर होतो त्या शुक्रवारी तेही सोडतं, म्हणून मी यादी करून ठेवतो आणि त्या दिवशी घेतो. कार्डावरचे परदेशी व्यवहार बँकेच्या ॲपमधून आधी चालू करा, नाहीतर पैसे जायचेच नाहीत आणि दोष बिचाऱ्या बँडला द्याल.

कुरडई झालेली एलपी फेकली नाही. मुखपृष्ठ भिंतीवर आहे. तबकडीत बायकोनं मनीप्लांटची कुंडी ठेवली आहे, पाणी खाली सांडत नाही.