जुनी खेळणी दुरुस्त करण्यासाठी नोकरी सोडावी का?

डोंबिवलीच्या एका वाचकांचा प्रश्न थोडक्यात असा. वय ५१, खासगी कंपनीच्या टूलरूममध्ये नोकरी, हातात पगार ९२ हजार, मूळ वेतन ५० हजार. पीएफमध्ये ३८ लाख, पीपीएफमध्ये १४ लाख, बँकेत ठेवी ९ लाख. गृहकर्ज ६ लाख शिल्लक, मुलगी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला, घरखर्च हप्त्यासकट ५८ हजार. शनिवार-रविवारी ते इतर संग्राहकांची पत्र्याची, चावीची आणि बॅटरीवरची जुनी खेळणी दुरुस्त करून देतात. मागच्या वर्षी ६१ कामं झाली, २ लाख ३५ हजार जमा झाले, त्यातले ६२ हजार सुटे भाग, रसायनं आणि कुरियरवर गेले. आता नोकरी सोडून अंबरनाथला २२ हजार भाड्याचा गाळा घ्यायचा, ९ लाखांची यंत्रं आणायची आणि एका वयस्कर संग्राहकाकडची १४० मोडकी खेळणी १० लाखांना एकगठ्ठा उचलायची, असा बेत आहे. हे १९ लाख पीएफमधून काढायचे. तर हे करावं का?

माझं उत्तर नाही, निदान या स्वरूपात तरी नाही. तुमच्या हाताला कला आहे आणि गिऱ्हाईकही आहे, त्याबद्दल शंका नाही. पण हा धंदा हातांच्या तासांवर चालतो. त्यात पैसा ओतला म्हणून तास वाढत नाहीत, फक्त अंगावरची जोखीम वाढते.

आधी तुमचेच आकडे घेऊ. खर्च वजा जाता १ लाख ७३ हजार उरले, म्हणजे एका कामामागे सुमारे २,८३६ रुपये. एका कामाला सरासरी साडेसात तास लागतात असं तुम्ही लिहिलंय. त्यात फोटो काढणं, फोनवरची बोलणी, भाग शोधणं, पॅकिंग, कुरियरच्या चकरा धरलेल्या दिसत नाहीत. त्याचे दोन तास धरा. साडेनऊ तासांचं एक काम, रोज आठ तास आणि महिन्याला २२ दिवस बसलात तर जेमतेम १८ कामं हातावेगळी होतील. १८ कामांचे निव्वळ ५१ हजार. गाळ्याचं भाडं आणि वीज मिळून २५ हजार गेले की उरतात २६ हजार. ९ लाखांच्या यंत्रांचा घसारा सहा वर्षांत विभागला तर महिना साडेबारा हजार, म्हणजे हाती साडेतेरा हजार. तेही १८ कामं दर महिन्याला आली तर. आज तुमच्याकडे महिन्याला पाच येतात.

दुसऱ्या बाजूला काय सुटतं ते बघा. पीएफवर ८.२५ टक्के व्याज धरलं तर आज काढलेले १९ लाख ५८व्या वर्षी सुमारे ३३ लाख झाले असते. शिवाय पुढच्या सात वर्षांत तुमचा आणि कंपनीचा मिळून दरमहा १०,७५० रुपये भरणा होईल. पगारवाढ न धरताही त्याचे १२ लाख होतात. पेन्शन ५८च्या आधी सुरू केलीत तर दर वर्षामागे ४ टक्के कपात आहे, पण ती रक्कम मुळात लहान, तिच्यावर निर्णय अडू देऊ नका. कंपनीचा आरोग्य विमा जाणं हे त्याहून जड आहे. नोकरी सोडा वा न सोडा, स्वतःची १० लाखांची पॉलिसी याच वर्षी घ्या. आधीपासूनच्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं, आणि ती तीन वर्षं नोकरीत असतानाच सरलेली बरी. वैयक्तिक आरोग्य विम्याच्या हप्त्यावरचा जीएसटीही २२ सप्टेंबर २०२५ पासून गेला आहे.

आता जोखमीकडे. ती तुमच्या हिशेबात कुठेच नाही आणि मला सगळ्यात जास्त तिचीच काळजी वाटते. पत्र्याच्या खेळण्याची दोन अंगं कानांनी जोडलेली असतात, खाचेत घालून मुडपलेल्या पट्ट्यांनी. साठ-सत्तर वर्षांपूर्वीचा पत्रा एकदा उघडताना वाकतो, दुसऱ्यांदा मिटताना तडकतो. कान तुटला की डाख द्यावासा (सोल्डर करावासा) वाटतो, पण त्या उष्णतेने बाहेरची छपाई करपते आणि ती पुन्हा करता येत नाही. म्हणून उघडणं हे दुरुस्तीच्या आधीचं किरकोळ काम समजू नका. ते वेगळं, वेगळ्या दराचं आणि वेगळ्या लेखी संमतीचं काम आहे. साठ हजारांच्या एका जपानी मोटारीची छपाई करपली आणि भरपाई द्यावी लागली, तर २१ कामांची निव्वळ कमाई बुडाली.

स्प्रिंगच्या कामात धोका उलट दिशेने येतो. आतलं टोक तुटलं तर शेवटचे दहा-बारा मिलिमीटर तांबूस होईपर्यंत तापवून, सावकाश थंड करून, नवं भोक पाडता येतं. चाल थोडी कमी होते, पण मूळ स्प्रिंग टिकते. चावी भरलेल्या स्थितीत चौकट उघडली तर मात्र बोटं फाटतात, आणि तुमच्या धंद्यात दोन बोटांना टाके म्हणजे महिनाभर शून्य उत्पन्न. अपघात विमा घेताना तात्पुरत्या अपंगत्वाचा साप्ताहिक लाभ आहे का, हे विचारा.

बॅटरीच्या खेळण्यांत गळती कशाची आहे ते आधी ओळखावं लागतं. अल्कलाइन सेलची गळती क्षारीय, तिला पातळ व्हिनेगर चालतं. जुन्या झिंक-कार्बन सेलची आम्लधर्मी, तिथे खायचा सोडा. उलट केलं तर गंज थांबत नाही आणि तीन महिन्यांनी तेच खेळणं फुकट दुरुस्तीसाठी परत येतं. अशा परत आलेल्या कामांचे तास तुमच्या वहीत नाहीत. ते लिहायला लागा.

काही वस्तू तर घ्यायच्याच नाहीत. सेल्युलॉइडची बाहुली किंवा सेल्युलॉइडचं डोकं असलेलं चावीचं खेळणं म्हणजे नायट्रोसेल्युलोज. डाखाच्या कामाजवळ ते पेट घेऊ शकतं, ॲसिटोनने विरघळतं, आणि बिघडू लागलं की त्यातून निघणारी आम्लाची वाफ शेजारच्या पत्र्याला गंज चढवते. विमानाने पाठवण्याच्या नियमांत ते ज्वलनशील घन पदार्थांत मोडतं. साध्या कुरियरने पाठवलंत आणि काही झालं तर भरपाई विसरा. दुसरं, महायुद्धापूर्वीच्या, डिंकी या ब्रिटिश ब्रँडसारख्या ओतीव गाड्या. त्यांच्या जस्ताच्या मिश्रधातूत शिसं मिसळलं गेलं असेल तर धातू आतून फुगतो, बारीक भेगा पडतात, चाकं अडकतात. यावर इलाज नाही. चिकटवून पाठवलंत तर वर्षभरात तुमचं नाव घेऊन तो तुकडा पुन्हा फुटेल. डिंकीच्याच जुन्या साच्यांतून पुढे कलकत्त्यात निघालेल्या निकी टॉइजच्या गाड्या त्या मानाने बिनधोक.

रंग घासणं बंद. जुन्या रंगात शिसं असतं आणि तुमच्या घरात आईही आहे. ओल्या फडक्याने पुसायचं, कोरडा कागद मारायचा नाही.

लेखी कागद हाच तुमचा पहिला विमा. खेळणं आल्यावर सगळ्या बाजूंनी फोटो, प्रत्येक ओरखडा नोंदलेला, मालकाने स्वतः लिहिलेली किंमत, आणि संमतीच्या पायऱ्या: फक्त स्थिर करणं, चालू करणं, भाग बदलणं, रंग लावणं. शेवटच्या पायरीला मी असतो तर नकारच दिला असता. मूळ छपाईवर नवा रंग चढला की बहुतेक संग्राहक किंमत पाडूनच मागतात आणि दोष दुरुस्ती करणाऱ्याला देतात. बदललेल्या भागावर आतून खूण करा, काढलेला भाग पुडीत बांधून परत द्या. भारतीय करार कायद्याच्या कलम १५१ प्रमाणे दुसऱ्याची वस्तू ताब्यात असताना शहाणा माणूस स्वतःच्या वस्तूची घेईल तितकी काळजी घेणं तुम्हाला बंधनकारक आहे. कलम १७० तुमच्या बाजूचं: कौशल्याचं काम केलं असेल तर पैसे मिळेपर्यंत वस्तू रोखून ठेवता येते. घराच्या विम्यात धंद्यासाठी आलेला परक्याचा माल सहसा धरत नाहीत. तसा लेखी विस्तार मिळत नाही तोवर एका वस्तूची कबूल किंमत ४० हजारांच्या वर नको, आणि एका वेळी घरात दहांहून अधिक नकोत.

आता १४० खेळण्यांचा ढीग. १० लाख भागिले १४०, म्हणजे नग सात हजारांना, हे आकर्षक वाटतं. पण चौथा हिस्सा गंजाने आरपार, फुगलेला किंवा सेल्युलॉइडचा निघाला तर १०५ उरतात आणि खरेदीच नगामागे साडेनऊ हजारांवर जाते. त्यांची दुरुस्ती साडेनऊ तासांनी हजार तास, म्हणजे जवळजवळ सहा महिने कोणाकडूनही एक रुपया न घेता काम. वर विकणं आहेच. संग्राहकांची बाजारपेठ अरुंद असते, एकाच जातीचे पाच आगीचे बंब एकदम काढले तर पाचही स्वस्त जातात.

यात कराचा एक खड्डाही आहे. दुसऱ्याचं खेळणं दुरुस्त करून देणं ही सेवा. तिची उलाढाल वर्षाला २० लाखांच्या आत असेल तर महाराष्ट्राबाहेरच्या गिऱ्हाइकासाठीही जीएसटी नोंदणी लागत नाही. पण स्वतः विकत घेऊन दुरुस्त केलेलं खेळणं बेंगळुरूला विकलंत, तर तो राज्याबाहेरचा मालाचा पुरवठा झाला, आणि त्याला पहिल्या रुपयापासून नोंदणी लागते. त्या ढिगात बिंग किंवा लेहमन कंपनीचे शंभर वर्षं पुरी झालेले जर्मन नग असतील तर १९७२चा पुरावस्तू कायदा लागू शकतो: विक्रीच्या धंद्याला परवाना, आणि परदेशी पाठवण्यास खासगी माणसाला बंदी. याच कारणाने परदेशातल्या मराठी ओळखीच्यांची इतकी जुनी खेळणी दुरुस्तीला मागवू नका. येताना सीमाशुल्कात अडकतील आणि जाताना त्याहून अधिक.

आयकराचं सोपं आहे. या उत्पन्नानंतर आयटीआर-१ चालत नाही. अनुमानित योजनेत डिजिटल जमेच्या किमान ६ टक्के नफा दाखवता येतो, पण तुमचा खरा नफा १ लाख ७३ हजार आहे, तोच दाखवा. पुढे कर्ज मागायला गेलात तर बँक हाच कागद बघेल. धंद्याचं उत्पन्न असलेल्याला जुनी करप्रणाली निवडून नवीत परतण्याची मुभा एकदाच मिळते, तेव्हा दरवर्षी इकडून तिकडे उड्या मारायची सवय असेल तर ती थांबवा. आणि नोकरीच्या करारात बाहेरच्या कामाला परवानगी आहे का, हे आधी वाचा.

मग करायचं काय? दर वाढवा. आज तुम्ही ताशी सुमारे ४०५ रुपये आकारताय, त्यात साहित्यही आलं. ताशी ६०० करा, निम्मे पैसे आगाऊ, नुसत्या तपासणीचेही पैसे. ६१पैकी १६ गिऱ्हाइकं तुटली तरी ४५ कामांत २ लाख ५६ हजार येतात आणि दीडशे तास वाचतात. यंत्रांतला लेथ नको, ताशी भाड्याने काम करून मिळतं. रेझिनचा थ्रीडी प्रिंटरही नको, चार चाकं आणि एक गिअर बाहेरून छापून घ्या. अल्ट्रासॉनिक टाकी (ध्वनिलहरींनी भाग धुणारी) लहान घ्या आणि ती फक्त सुट्या पोलादी गिअरसाठी वापरा. छापील पत्रा तीत बुडवलात तर रंगाचे पापुद्रे पाण्यावर तरंगतील. खरी गरज आर्द्रता शोषणाऱ्या यंत्राची. पावसाळ्यात लाखेचा लेप दमटपणाने पांढरा पडतो, उघडा पत्रा रातोरात गंजतो. जून ते सप्टेंबर लेपाची कामं घेऊच नका, त्या काळात गिअर आणि वायरिंग करा. हे यंत्र, वाफ गाळणाऱ्या काडतुसांचा मास्क, धूर ओढणारा पंखा, घड्याळाचं तेल, पॅरालॉइड बी-७२ ही लेपाची ॲक्रिलिक राळ, मायक्रोक्रिस्टलाइन मेण, सगळं मिळून सव्वा लाखाच्या वर जाता कामा नये, आणि तेही दुरुस्तीच्या कमाईतून.

दोन वर्षांनी मुलीचं शिक्षण संपेल, तोवर कर्ज फेडून टाका. त्यानंतर सलग बारा महिने, गाळा न घेता, नव्या दराने महिन्याला ३० हजार निव्वळ सुटत असतील तर प्रश्न पुन्हा मांडा. तेव्हाही पीएफला हात न लावता.

ढिगाच्या मालकाला मात्र लगेच कळवा, ते वाट बघत असतील. खेळणी त्यांच्याच मालकीची राहू देत. तुम्ही एकेक नग तपासायचा, दुरुस्तीचा दर सांगायचा, ते हो म्हणाले की करायचा आणि विक्री त्यांनी स्वतःच्या नावाने करायची. स्वतःसाठी घ्यायचेच असतील तर तुमच्या संग्रहात नसलेले पाच-सहा नग निवडा, एकूण ५० हजारांपर्यंत. ते हौसेच्या खात्यात लिहा, धंद्याच्या नाही.