टी-पेशी कधी लढायचं आणि कधी गप्प बसायचं, हे ठरवते कसं?

टी-पेशी म्हणजे संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या रक्तपेशी. तुम्ही विचारलंय की पुस्तकात प्रत्येक संदेशमार्गाची, म्हणजे बाहेरचा निरोप केंद्रकापर्यंत नेणाऱ्या प्रथिनांच्या साखळीची, आकृती वेगळी असते, मग पेशी निर्णय घेते तो नेमका कुठल्या मार्गाने? गोव्यात एमएस्सीच्या मुलांना इम्युनॉलॉजी शिकवताना हा प्रश्न मला दरवर्षी भेटतो. माझ्या मते गोंधळ त्या सुट्या आकृत्याच करतात. एकट्या मार्गाच्या हातात निर्णय नसतोच.

आयएल-२ चं जनुक घ्या; आयएल-२ हे टी-पेशींना वाढायला लावणारं प्रथिन. टी-पेशीवरच्या रिसेप्टरला अँटिजन (ती ओळखते तो परका तुकडा) सापडला की पेशीत कॅल्शियम वाढतं, कॅल्सिन्युरिन हे एन्झाइम कामाला लागतं आणि एनएफएटी या जनुकं चालू करणाऱ्या प्रथिनावरचे फॉस्फेट काढतं. मग एनएफएटी केंद्रकात शिरतं. तिथे त्याला जोडीदार लागतो, एपी-१ हे तसंच दुसरं प्रथिन. ते मॅप-कायनेज या वेगळ्या संदेशमार्गाने येतं, आणि त्याला पुरेसा जोर मिळतो तो टी-पेशीवरच्या सीडी-२८ या आणखी एका रिसेप्टरकडून येणाऱ्या दुसऱ्या संकेतामुळे. दोघं डीएनएवर एकमेकांना खेटून बसतात, एकामुळे दुसऱ्याची पकड घट्ट होते, आयएल-२ तयार होतं. एनएफएटी एकटंच पोचलं तर? ते भलतीच जनुकं चालू करतं आणि पेशी बधिर होते; पुढे पूर्ण संकेत मिळाला तरी नीट उठत नाही. रेणू तोच, परिणाम उलटा! मला या विषयातली सगळ्यात सुंदर गोष्ट हीच वाटते. निरोगी ऊतींवर सीडी-२८ ला पकडायला लागणारे सीडी-८० आणि सीडी-८६ हे रेणू सहसा नसतात, म्हणून तिथे भरकटलेली टी-पेशी बरेचदा अशीच थंडावते.

किडनी बदललेल्या रुग्णाला, शरीराने ती नाकारू नये म्हणून, टॅक्रोलिमस हे औषध देतात ते कॅल्सिन्युरिन अडवायला. सोबतचं स्टेरॉइड एपी-१ आणि एनएफ-कॅपा-बी (जनुकं चालू करणारं आणखी एक प्रथिन) यांना दाबतं. म्हणजे एनएफएटी आणि एपी-१ यांच्या भेटीच्या दोन्ही वाटा रोखल्या जातात.

ब्रेकही याच जागी लागतात. टी-पेशीवरचं सीटीएलए-४ हे ब्रेकचं प्रथिन सीडी-८० आणि सीडी-८६ ला सीडी-२८ पेक्षा घट्ट धरतं, त्यामुळे दुसरा संकेत उपाशी राहतो. पीडी-१ हे दुसरं ब्रेक-प्रथिन सीडी-२८ वरचे फॉस्फेट काढवून घेतं. हे ब्रेक सोडवून कर्करोगावर उपचार करता येतात, हे दाखवल्याबद्दल जेम्स अ‍ॅलिसन आणि तासुकू होंजो या शास्त्रज्ञांना २०१८ चं नोबेल मिळालं.

चवथीच्या दिवसांत आमच्याकडे डेंग्यूची धास्ती असते, म्हणून वर्गात त्याचंही उदाहरण घेते. इंटरफेरॉन म्हणजे विषाणू आल्याची वर्दी देणारं प्रथिन; त्याचा निरोप जॅक-स्टॅट या संदेशमार्गाने केंद्रकात जातो. डेंग्यूच्या विषाणूचं एनएस-५ प्रथिन त्या मार्गातलं स्टॅट-२ हे प्रथिनच नष्ट करवतं. इंटरफेरॉन दारात येतं, पण आत निरोप पोचत नाही.

तुम्ही अभ्यासाला बसाल तेव्हा रिसेप्टरपासून खाली येऊ नका. आयएल-२ चं जनुक कागदाच्या मध्यभागी लिहा आणि तिथे कोण कोण येऊन बसतं, ते उलट शोधत जा.